‘दुखस तव्हय काय खावानं?’ : किडनीच्या चौथ्या टप्प्यातल्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

चोपडा तालुक्यातले, तापीकाठी केळी आणि कापूस करणारे शेतकरी. वय ५८, वजन ५६ किलो. गाव त्यांना आप्पा म्हणतं, आपणही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मधुमेह १४ वर्षांचा, रक्तदाब नंतर मागे लागलेला. मार्चमधल्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, ३.१ होतं. वय आणि लिंग धरून हिशेब केला की किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, २२ च्या आसपास येते. १५ ते २९ हा चौथा टप्पा. १५ च्या खाली पाचवा, आणि डायलिसिसची बोलणी त्याच सुमारास सुरू होतात.

चालू औषधं अशी: रक्तदाबाचं टेल्मिसार्टन ४०, लघवी वाढवणारं टॉर्सेमाइड २०, ॲम्लोडिपिन, दोन वेळचं इन्सुलिन आणि सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या. यातली पहिली दोन लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

उजवा गुडघा चार-पाच वर्षांपासून धरलेला. एक्स-रेत सांध्यातली फट जवळजवळ संपलेली. रात्री तळपायांची आग, ती मधुमेहाची. किडनीच्या फाइलमध्ये या दोन्ही दुखण्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. होती ती एकच ओळ, पहिल्या पानावर, लाल शाईत, इंग्रजीत: ‘एनएसएआयडी टाळावेत,’ म्हणजे डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरवणारी वेदनाशामकं टाळावीत. ओळ बरोबर होती. ती फाइल लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवलेली होती.

आखाजी आणि लग्न

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खान्देशात दिवाळीच्या तोलाचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघरी मांडे आणि आमरस होतो, सालदारांची नवी साल याच दिवसापासून धरतात. त्यात लग्नसराई ऐन भरात आणि पारा ४४ ला टेकलेला. आप्पांच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणजे घरचंच कार्य. पत्रिका वाटण्यापासून मांडवापर्यंत सगळं त्यांच्या पायांवर आणि पाचव्या दिवशी गुडघा सुजून टम्म.

पाहुण्यांपैकी एकाने नाव सांगितलं आणि बाजारच्या गावी मेडिकलमधून ‘गुडघ्याची गोळी’ आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्याच दिवशी आप्पा पंगतीत उभे राहून वाढप बघत होते. हे मुद्दाम लिहितोय, कारण किडनीबद्दलच्या आपल्या सूचनांमध्ये ही गोष्ट कधीच येत नाही. या गोळ्या लोक घेतात कारण त्या काम करतात. माणसाला उभं करतात. ज्याला दोन दिवसांनी मुलीला वाटे लावायची आहे त्याला ‘टाळा’ एवढंच सांगून भागत नाही.

तीन-चार दिवसांत पायांवर सूज दिसू लागली. उभं राहून आली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. हळदीच्या दिवशी गावातल्या दवाखान्यात कंबरेत डायक्लोफिनॅकची सुई घेतली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, घरातल्या आणखी दोघांनाही झाल्या होत्या. उन्हाळ्यातल्या पंगतीत हे होतं. आप्पांनी दोन दिवस काही खाल्लं नाही, पण बीपीची आणि लघवीची गोळी मात्र नियमाने घेतली. गुडघ्याचीही. अशक्तपणावर घरच्यांनी शहाळी पाजली, ओआरएस पाजलं. गुडघ्याची गोळी सुरू केल्यापासून दहाव्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना. लघवी आदल्या दिवसापासून जेमतेम वाटीभर.

दाखल करताना

रक्तदाब १००/६०, जीभ कोरडी, पायांवर थोडी सूज. श्वास जोरात आणि खोल चाललेला, पण छाती तपासली तर साफ. ही धाप फुप्फुसांतल्या पाण्याची नव्हती, रक्तातल्या आम्लाची होती: पीएच ७.१८, बायकार्बोनेट ११. क्रिएटिनिन ६.४, युरिया १६८, हिमोग्लोबिन ८.१. साखर ६२, कारण किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि पोटात तर अन्न नव्हतं. पोटॅशियम ६.९. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. ईसीजीत टी लाटा तंबूसारख्या टोकदार झालेल्या. पायांतली ताकद गेली होती ती यामुळेच, आणि याच्या पुढची पायरी हृदय थांबण्याची असते.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या थोड्या आक्रसलेल्या दिसल्या, पण लघवीच्या वाटेत अडथळा कुठे नाही. अंगावर पुरळ नाही, लघवीत पांढऱ्या पेशी नाहीत, म्हणून औषधाच्या ॲलर्जीने किडनीला येणारी सूज मनात असूनही मागे ठेवली. बायोप्सी केली नाही.

कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन, साल्ब्युटामॉलची वाफ, जपून सलाइन. पोटॅशियम ५.९ पर्यंत उतरलं आणि चार-पाच तासांत पुन्हा ६.६. ही औषधं पोटॅशियम बाहेर काढत नाहीत, तात्पुरतं पेशींच्या आत ढकलतात. लघवी नसेल तर ते परत बाहेर येतंच. मानेतून नळी टाकून डायलिसिस केलं, एक दिवस सोडून आणखी एकदा. चौथ्या दिवशी लघवी ९०० मिली झाली आणि तिसऱ्या डायलिसिसची गरज पडली नाही.

पिशवी

मुलाला सांगितलं होतं, घरात सापडतील तेवढी औषधं घेऊन ये. त्याने कापडाच्या दुकानाची एक पिशवी आणली आणि ती टेबलावर उपडी केली.

रोजची औषधं ओळखता आली, कारण ती अख्ख्या पाकिटात होती. बाकीचे सगळे तुकडे होते. चार गोळ्यांचा एक तुकडा, कात्रीने असा कापलेला की मागच्या चांदीवर नावातली शेवटची दोन अक्षरं आणि एक किंमत एवढंच उरलेलं. दुसरा दोन गोळ्यांचा, त्यावर फक्त बॅच नंबर. ज्या भागावर औषधांचे घटक छापलेले असतात तो भाग दुकानात राहिला किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तपकिरी भुकटीच्या तीन पुड्या, लग्नात आलेल्या कुणीतरी दिलेल्या. गोळीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या, असं आपण सहज सांगतो. चार गोळ्या कापून घेणाऱ्याला वाचायला काय मिळतं ते या पिशवीत दिसलं.

मुलाने तिथूनच मेडिकलवाल्याला फोन लावला. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं. एका तुकड्यात असेक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवायचं म्हणून सेराशिओपेप्टिडेज. दुसऱ्यात इटोरिकॉक्सिब ९०. ही दुसरी दिली कारण आप्पांनी पोटात जळजळ होते अशी तक्रार केली, आणि ‘ही पोटाला अन् किडनीला हलकी’ असा त्याचा समज. पहिली बंद करा हे सांगायचं राहिलं, म्हणून दोन-तीन दिवस दोन्ही पोटात गेल्या. पुड्यांमध्ये काय होतं ते तपासलं नाही. बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडणं ही जुनी गोष्ट आहे. पुड्या बंद केल्या.

इटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने हलकी, हे खरं. किडनीला हलकी, हे खोटं. किडनीत जे थांबवलं जातं ते दोन्ही प्रकारच्या गोळ्या सारखंच थांबवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच, एनएसएआयडीच्या, कुळातली. सुईतून घेतली तरी कूळ बदलत नाही, ‘सुई पोटात जात नाही म्हणून बाधत नाही’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

नेमकं काय झालं

आप्पांनी विचारलं तेव्हा त्यांना ठिबकच्या भाषेत सांगितलं, ती भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला आत येणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि बाहेर जाणारी एक. गाळण होण्यासाठी मधे दाब लागतो. आतला व्हॉल्व्ह उघडा ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात, बाहेरचा आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन. निरोगी माणसाची टाकी भरलेली असते, त्याला आतल्या व्हॉल्व्हची फारशी फिकीर नसते. गाळण्या कमी उरलेल्या माणसाची सगळी मदार त्यावरच.

टेल्मिसार्टन बाहेरचा व्हॉल्व्ह सैल करतं. टॉर्सेमाइड आणि जुलाब मिळून टाकी रिकामी करतात. वेदनाशामक आतला व्हॉल्व्ह बंद करतं, कारण प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. गुडघ्याची सूज उतरते ती त्याच कारणाने. तिन्ही एकदम झालं की दाब संपतो आणि लघवी थांबते. पोटॅशियम चढलं तेही याच सुतावरून: ते बाहेर टाकायला लागणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक टेल्मिसार्टनने आधीच कमी केलेलं, वेदनाशामकाने आणखी कमी केलं.

इथे एक गफलत नेहमी होते. असं काही घडलं की घरचे टेल्मिसार्टनलाच कायमचं घराबाहेर काढतात. ते औषध एरवी मधुमेही किडनीचं आयुष्य वाढवतं. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत ते आणि लघवीची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना विचारायचं, एवढं आप्पांना आधी कुणी सांगितलेलं असतं तर बरंच टळलं असतं. पाचव्या आठवड्यात पोटॅशियम ४.८ वर स्थिर झाल्यावर ते कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं.

घरच्यांनी गुन्हेगार आधीच पकडून ठेवला होता: केळं. केळीवाल्याच्या घरात आरोप केळ्यावर, म्हणून काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या पत्नीच्या, चेहऱ्यावर एक वेगळाच अपराधीपणा. आप्पा बागेत गेले की एखादं केळं खायचे. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. चौथ्या टप्प्यात ते मोजूनमापून खावं लागतं हे कबूल. पण एका केळ्याने पोटॅशियम ६.९ होत नाही. वाट बंद झाली होती म्हणून साठलं. आणि वाट बंद असताना जी शहाळी पाजली, त्यातल्या एकेका शहाळ्यात एका केळ्याइतकं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम होतं. ओआरएसमध्येही ते असतंच. काकूंना हे नीट सांगावं लागलं, नाहीतर त्या घरात केळं बंद होऊन गोळी चालूच राहिली असती.

जाता जाता: गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी होऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. पक्ष्याची किडनी आणि माणसाची किडनी एक नव्हे, आणि माणसांसाठी हे औषध योग्य जागी उपयोगीच आहे. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विकलं कसं जातं ते खान्देशातल्या कुठल्याही बाजारच्या दिवशी मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहून बघावं.

गोळी नको, ठीक. मग?

वॉर्डात नळी काढल्याच्या संध्याकाळी आप्पांना किडनीला न झेपणाऱ्या गोळ्यांची नावं सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गोळी नको खावू अशे सांगं. पन दुखस तव्हय काय खावानं, हाई कोन्ही सांगं नही.”

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. आप्पा अडाणीपणाने किंवा हट्टाने गोळीकडे गेले नाहीत. त्यांच्या गुडघ्याला किडनीच्या फाइलमध्ये जागा नव्हती, आणि हाडांच्या दवाखान्यात किडनीला नव्हती. मधली जागा मेडिकलच्या काउंटरने भरली. नुसती मनाई लिहून देणं म्हणजे रुग्णाला त्या काउंटरकडे पाठवणं. किडनी उतरलेल्या माणसाच्या वेदनेवर इलाज आहेत. ते थोडे कंटाळवाणे आहेत, सुईसारखे एका रात्रीत उभं करत नाहीत, पण आहेत.

आप्पांसाठी केलं ते असं. मुख्य औषध पॅरासिटामॉल, एकटं, जोडीला काही नसलेलं. ५०० मिलीग्रॅमची गोळी, दुखण्याच्या दिवसांत सहा ते आठ तासांच्या अंतराने, वजन कमी असल्यामुळे दिवसाला २ ग्रॅमपर्यंत. चांगल्या अंगाच्या माणसालाही या टप्प्यात ३ ग्रॅमच्या वर नको, आणि रोज दारू घेणाऱ्याला तर २ च्या आतच. दुखणं पार चढल्यावर घेण्याऐवजी कामाच्या आधी घेतलं तर जास्त उपयोग होतो. ‘ताकद नाही त्यात’ असं आप्पांचं मत होतं आणि ते अगदी चूक नव्हतं; झिजलेल्या गुडघ्यावर एकट्या पॅरासिटामॉलचा असर मध्यमच असतो. म्हणून बाकीची जुळवाजुळव.

फिजिओथेरपिस्टने मांडीचा स्नायू बळकट करायचे दोन व्यायाम शिकवले, खाटेवर बसूनच करायचे. काठी डाव्या हातात, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. आप्पा ती उजव्या हातात धरत होते, जवळजवळ सगळेच धरतात. उकिडवं बसणं बंद, संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची. केळीचे घड उतरवताना खांद्यावर ओझं नाही, हे मुलाने अंगावर घेतलं. सांध्यात एकदा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, काही दिवस साखर वर जाईल असं आधीच सांगून, आणि ती गेलीच. त्या इंजेक्शनने मिळालेल्या उसंतीत व्यायाम अंगवळणी पडले. माझ्या हिशेबी त्याचा खरा फायदा हा.

मलमाचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. डायक्लोफिनॅकचं जेल चोळलं तर गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच औषध रक्तात उतरतं. एका गुडघ्यावर, थोडे दिवस, तपासण्या चालू ठेवून मी ते चालवतो. दोन्ही गुडघे, कंबर आणि मान, दिवसातून चार वेळा, महिनोन्‌महिने असं लावायला लागले की ते मलम राहत नाही. काही सहकारी चौथ्या टप्प्यात जेललाही नाही म्हणतात; त्यांच्याशी मी भांडत नाही.

दुसरा फेरा, सुरतचा

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन ३.९ वर थांबलं. ईजीएफआर १७. म्हणजे २२ वरून ५ गेले ते गेलेच. गुडघा बरा होता. तळपायांची आग मात्र रात्री जागवत होती आणि तिच्यासाठीचं औषध पुढच्या भेटीत सुरू करायचं ठरलं होतं.

त्याआधी आप्पा धाकट्या मुलाकडे सुरतला गेले. खान्देशातल्या निम्म्या घरांचा एक पाय सुरतेत असतोच. तिथल्या एका दवाखान्यात त्यांनी आठवणीने सांगितलं की मला किडनीचा त्रास आहे, दुखण्याची गोळी चालत नाही. तिथून मिळालं नसांच्या आगीवरचं गॅबापेंटिन ३००, दिवसातून तीनदा, ‘याने किडनी खराब होत नाही’ अशा खात्रीसह. खात्री खरी होती. चौथ्या दिवसापासून आप्पा जेवता जेवता पेंगू लागले. पाचव्या दिवशी चहाचा कप हातातून उडाला. हाताला मधेच झटका बसायचा, लगेच थांबायचा. बाथरूममध्ये तोल गेला, कपाळाला खोक पडली. मुलांना वाटलं लकवा मारतोय, कुणी म्हणालं किडनीचं विष मेंदूत चढलं. रेल्वेने परत आणलं तेव्हा क्रिएटिनिन होतं तेवढंच, ३.९. पोटॅशियम ठीक. डोक्याचं सीटी स्कॅन स्वच्छ.

किडनीच्या आजारात कुठलंही वेदनाशामक देताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. हे औषध किडनीला मारतं का? आणि ही किडनी हे औषध बाहेर टाकू शकते का? डायक्लोफिनॅक पहिल्या प्रश्नात नापास होतं. गॅबापेंटिन पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास, कारण ते जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. चांगल्या किडनीत त्याचा साठा पाच ते सात तासांत निम्मा होतो. क्षमता ३० च्या खाली गेली की त्याला ५० तासांच्या आसपास लागतात. आठ-आठ तासांनी नवी कॅप्सूल येत राहिली तर साठत जाणार, दुसरं काय होणार? त्याच्याच जोडीच्या प्रीगाबालिनचंही तेच.

औषध थांबवलं. झटके तिसऱ्या दिवशी गेले, पेंग पाचव्या. नंतर १०० मिलीग्रॅम, फक्त रात्री, असं पुन्हा सुरू केलं. तेवढ्याने आग पूर्ण गेली नाही, पण झोप लागते.

या दुसऱ्या प्रश्नातच अफूच्या कुळातली मॉर्फिन आणि कोडीन अडकतात. यकृतात त्यांचे जे अंश बनतात ते किडनीतून बाहेर पडले नाहीत तर ग्लानी येते, श्वास मंदावतो. कोडीन खोकल्याच्या औषधातून येतं हे लोकांच्या लक्षात नसतं. ट्रॅमाडॉल चालतं, पण निम्म्याने: साधी ५० ची गोळी, बारा तासांच्या अंतराने, हळू सुटणारी नाही, आणि फिट येणाऱ्याला नाहीच. २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळणं कठीण झालं, हे चांगलंच. कर्करोगासारख्या मोठ्या वेदनेत फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनची त्वचेवर लावायची पट्टी किडनीला जास्त सोयीची. आप्पांना यातलं काहीच लागलं नाही.

खिशातला कागद

दुसऱ्या वेळी घरी सोडताना एक कागद केला. इंग्रजी नाही, आणि नुसती मनाईही नाही. सगळ्यात वर ठळक अक्षरांत: ‘मला किडनीचा आजार आहे, ईजीएफआर १७. औषध देण्याआधी हा कागद वाचावा.’ त्याखाली पहिली ओळ चालणाऱ्या औषधाची: पॅरासिटामॉल ५००, एकटं, दिवसाला जास्तीत जास्त चार. मग गॅबापेंटिनची मात्रा. त्यानंतर न चालणाऱ्यांची नावं, सुईसकट. खाली उलटी-जुलाब झाले तर कुठल्या दोन गोळ्या थांबवून कुणाला फोन करायचा ते. क्रम मुद्दाम असा ठेवला. काउंटरवर उभ्या माणसाला काय द्यायचं हे आधी दिसलं की तो तेच देतो. नकाराची यादी आधी दिसली तर ‘मग यातलं नसलेलं एखादं’ शोधायला लागतो, आणि या कुळात नावं इतकी आहेत की यादीबाहेरचं एखादं सापडतंच.

झेरॉक्सवाल्याकडून कागद लॅमिनेट झाला, एक प्रत आधार कार्डाच्या पाकिटात, एक सुरतच्या मुलाकडे, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. मुलाने एक प्रत त्या मेडिकलवाल्यालाही नेऊन दिली. मेडिकलवाला म्हणाला ते ऐकण्यासारखं आहे: “आप्पा गुडघ्याची गोळी मागतात, किडनीचं सांगत नाहीत. दिवसभरात पन्नास जण गुडघ्याची गोळी मागतात. मी कुणाकुणाला विचारू?” पन्नास जणांना विचारणं हेच त्याचं काम आहे असं माझं म्हणणं आहे, पण त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर हेही दिसतं की बाजारच्या दिवशी तो एकटाच असतो. निदान साठीच्या पुढच्याला आणि साखर-बीपीची गोळी घेणाऱ्याला तरी विचारायचं, एवढं त्याने कबूल केलं. चार गोळ्या कापून देतानाही नाव छापलेला भाग गिऱ्हाइकाकडेच जाईल असं बघतो म्हणाला.

शेवटच्या भेटीत मोठ्या मुलाने विचारलं, पुढे डायलिसिस सुरू झालं की मग गुडघ्याची ती गोळी चालेल ना, किडनी तर गेलेलीच असेल? हा प्रश्न हुशारीचा आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकदा नाही असंच आहे. डायलिसिसवरच्या माणसालाही बरेच दिवस थोडी लघवी होत असते, आणि ती रोजची अर्धी-पाऊण लीटर लघवी म्हणजे पाणी पिण्याची तेवढी मुभा, पोटॅशियमची तेवढी सुटका. ती लघवी या गोळ्यांनी लवकर आटते. शिवाय डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ करणारं हेपॅरिन दिलं जातं. त्यावर या गोळ्या म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण. हृदयाचा धोका आहेच. लघवी पूर्ण थांबलेल्या एखाद्या रुग्णाला दोन-तीन दिवसांपुरती ती कधीकधी देतात, पण ते डायलिसिसच्या डॉक्टरने ठरवायचं, घरात ठरवायचं नाही.

आप्पांचं क्रिएटिनिन पावसाळ्यानंतर ४.० आहे, पोटॅशियम ५.१, हिमोग्लोबिन रक्त वाढवणाऱ्या सुईवर ९.८ पर्यंत आलं. गुडघा थंडीत दुखेल, तेव्हा सांध्यातलं इंजेक्शन पुन्हा द्यायचं का ते बघू. डायलिसिस लगेच नाही, पण फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, आधी तयार हवा, म्हणून डाव्या हातावर तो दिवाळीनंतर करायचं ठरलंय. त्या हाताला सुई टोचायची नाही, बीपी मोजायचं नाही आणि रक्तही काढायचं नाही. ही ओळ कागदावर वाढवून नवीन लॅमिनेशन करून घेतलं.